मुंबईंतील जुगार आणि कायद्याचा पाठलाग

द्यूताचा बंदोबस्त राजानें कसा करावा, ह्याविषयीं आपल्या शास्त्रकारांचें एकमत नव्हतें. मनूनें नवव्या अध्यायांत द्यूत आणि समाह्वय ह्या दोहोंसही राज्यांत थारा देऊं नये, असें निक्षून सांगितलें आहे. फासे, कवड्या इत्यादि निर्जीव वस्तूंनीं खेळावयाचें तें द्यूत. आणि कोंबडे, मेंढे अशा सजीव प्राण्यांवर पण लावावयाचा तो समाह्वय. मनूच्या मतें हे दोन्ही प्रकार म्हणजे भरदिवसा चाललेली चोरीच होय.

कौटिल्याची दृष्टि निराळी आहे. तो द्यूताध्यक्ष नांवाचा एक अधिकारीच नेमावयास सांगतो. नगरांत खेळ चालावयाचा तो ह्या अध्यक्षानें ठरविलेल्या एकाच ठिकाणीं. अन्यत्र कोणी खेळतांना सांपडल्यास त्यास बारा पण दंड. हेतु हा कीं, गुप्तपणें उपजीविका करणारे लोक ओळखूं यावेत. जो जिंकेल त्याच्याकडून शेंकडा पांच घ्यावे, आणि फासे, पाणी व जागा ह्यांचें भाडें वेगळें घ्यावें. याज्ञवल्क्यही साधारण ह्याच पंथाचा आहे. अड्डा चालविणारा जो सभिक, त्यानें खेळणाऱ्यांकडून प्रसंगानुसार शेंकडा पांच किंवा दहा घ्यावे, राजास ठरलेला भाग द्यावा, आणि राजानें त्याचें रक्षण करावें. राजाचा भाग पोंचलेल्या उघड्या अड्ड्यावर जिंकलेला पैसा राजानें मिळवून द्यावा; चोरट्या अड्ड्यावरचा देऊं नये.

अर्थात् एक म्हणतो हें झाड मुळापासून उपटा. दुसरा म्हणतो त्याला कुंपण घाला आणि फळांतील वांटा घ्या. आमच्या मुंबई शहराच्या गेल्या पावणेदोनशें वर्षांच्या इतिहासाकडे पाहिलें असतां हे दोन्ही मार्ग आळीपाळीनें, आणि कित्येकदां एकाच वेळीं, चोखाळलेले दिसतात. त्यांत कोणत्या मार्गानें काय साधलें, आणि कोणाकडून काय साधावयाचें राहिलें, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अफूचा भाव

मुंबईंतील जुगाराच्या कायद्याची हकीगत फाशांपासून सुरू होत नाहीं. ती अफूपासून सुरू होते. गेल्याच्या मागील शतकाच्या मध्यास कलकत्त्यास सरकारी अफूचा लिलाव होत असे. त्या लिलावांत पाटण्याच्या अफूस सरासरी काय भाव येईल, ह्यावर मुंबईचे सावकार पैजा मारीत. पेटी घ्यावयाची नाहीं, द्यावयाची नाहीं. केवळ भावांतील फरकाचा पैसा एकानें दुसऱ्यास द्यावयाचा. अशाच एका पैजेंत हरणारानें पैसे देण्याचें नाकारलें. तें प्रकरण मुंबईच्या सुप्रीम कोर्टांतून थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलापर्यंत गेलें. १८४८ सालीं प्रिव्ही कौन्सिलानें निर्णय दिला कीं, पैज ही मूलतः बेकायदा नव्हे. इंग्लंडांत १८४५ सालीं झालेला जुगाराचा कायदा हिंदुस्थानास लागू नाहीं. सबब हा दावा चालूं शकतो.

हा निर्णय तसाच राहता, तर प्रत्येक सट्टेवाल्यास सरकारी न्यायालय हें वसुलीचें साधनच झालें असतें. म्हणून त्याच १८४८ सालीं एकविसावा कायदा करण्यांत आला आणि पैजेचे सर्व करार रद्दबातल ठरले. पैजेंत जिंकलेल्या पैशासाठीं फिर्याद चालणार नाहीं, असें ठरलें. पुढें १८७२ च्या कराराच्या कायद्याच्या तिसाव्या कलमांत हेंच तत्त्व आलें.

मुंबई इलाखा मात्र एक पाऊल आणखी पुढें गेला. अमेरिकेंत १८६१ पासून १८६५ पर्यंत यादवी युद्ध चालू होतें. तेथील कापूस बंद पडल्यामुळें विलायतच्या गिरण्यांस आपला कापूस हवा झाला, आणि मुंबईंत सोन्याचा पाऊस पडूं लागला. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांच्या भागांवर लोकांनीं वेड्यासारखा पैसा ओतला. युद्ध संपलें, कापूस उतरला, आणि १८६५ च्या जुलैंत मोठमोठ्या पेढ्या कोसळल्या. ह्याच १८६५ सालीं मुंबई इलाख्यानें आपला स्वतंत्र कायदा करून, केवळ पैजच नव्हे, तर पैजेसाठीं दिलेलें कर्ज, दलालाची दलाली, आणि तीस जोडून केलेले इतर करारही रद्द ठरविले. अन्य प्रांतांत हें नव्हतें. सर्वोच्च न्यायालयानें १९५९ सालीं एका प्रकरणाचा निकाल देतांना हा भेद स्पष्ट करून दाखविला आहे.

येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ह्या सर्व कायद्यांनीं जुगाऱ्यास इतकेंच सांगितलें कीं, "हरलास तर देऊं नकोस, आम्ही तुला द्यावयास लावणार नाहीं." पण जुगारी देतो! वाण्याचें देणें थकवील, मुलाची फी थकवील, पण जुगारांतील देणें आधीं देईल. मृच्छकटिकांत दहा सुवर्णांच्या देण्यासाठीं पळत सुटलेला संवाहक वाचकांस आठवत असेल. त्याच्या मागें लागलेल्या सभिकानें न्यायाधिकाऱ्याकडे धांव घेतली नाहीं. जुगाऱ्यांच्या मंडळींत त्याची पत आणि त्याची पाठ ह्या दोहोंवर सभिकाचा पुरेसा ताबा होता. तेव्हां रद्द करार म्हणजे थांबलेला जुगार, असें समजण्याचें कारण नाहीं.

पावसावर पैज

करार रद्द करून भागत नाहीं असें दिसल्यावर शिक्षेचा मार्ग आला. पूर्वींचे तुटक नियम एकत्र करून व सुधारून १८८७ सालीं मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा झाला. नांव बदलून तो महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा म्हणून अद्यापि अंमलांत आहे. त्याची घडण समजून घेण्यासारखी आहे. मालकाच्या फायद्यासाठीं जेथें जुगाराचीं साधनें ठेविलीं व वापरलीं जातात, तें "जुगाराचें सार्वजनिक घर". असें घर चालविणें हा एक गुन्हा, आणि तेथें खेळतांना सांपडणें हा दुसरा. शहरांत पोलीस कमिशनरानें वॉरंट द्यावें, पोलिसांनीं घरांत शिरावें, आणि तेथें फासे, पत्ते, पट किंवा हिशेबाच्या वह्या सांपडल्या कीं, उलट सिद्ध होईपर्यंत तें घर जुगाराचेंच मानावें. रस्त्यावर जुगार खेळणें, तसेंच पशुपक्ष्यांच्या झुंजी लावणें, हेंही दंडार्ह ठरलें. म्हणजे मनूचें द्यूत आणि समाह्वय हीं दोन्हीं त्यांत आलीं. निव्वळ कौशल्याचे खेळ मात्र वगळले.

ही सारी इमारत "साधन" ह्या एका शब्दावर उभी आहे, हें सूक्ष्म वाचकाच्या लक्षांत आलेंच असेल. साधन सांपडलें तर गुन्हा सांपडला. पण ज्या जुगारास साधनच लागत नाहीं, त्याचें काय?

ही शंका विचारावयास मुंबईकरांस दोन वर्षेंही लागलीं नाहींत. ह्या शहरीं बरसातीचा सट्टा नांवाचा एक खेळ चाले. पावसाळ्यांत अमुक वेळेच्या आंत अमुक इतका पाऊस पडेल कीं नाहीं, ह्यावर पैसे लागत. कोठें छपराची पन्हळ भरून वाहते कीं नाहीं हें पाहत. कोठें पेटींत वाळू घालून तींतून पाणी झिरपतें कीं नाहीं हें पाहत. ढगांकडे पाहून भाव मिनिटामिनिटास चढे-उतरे. जमणारे लोक सट्ट्याच्या बाजारांतले. हातांत फासा नाहीं, पत्ता नाहीं. १८८९ सालीं असें एक प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयापुढें आलें, तेव्हां असें ठरलें कीं, पावसावर पैज लावणें हें कायद्यांतील जुगाराच्या व्याख्येंत बसत नाहीं. आकाश हें कांहीं जप्त करण्याजोगें साधन नव्हे!

लागलीच १८९० सालीं कायद्यांत दुरुस्ती करून पैज लावणें हें जुगाराच्या व्याख्येंतच घालण्यांत आलें, आणि पावसाचा सट्टा कायद्याच्या कक्षेंत आला. कलकत्त्यासही हाच रोग होता. तेथें बंगालच्या सरकारास १८९७ सालीं पावसाच्या जुगाराचा एक स्वतंत्रच कायदा करावा लागला. ही हकीगत ऐकून आज हंसूं येतें. परंतु पुढील सव्वाशें वर्षांत जें घडत गेलें, त्याचें बीज हींत आहे. कायदा साधनाच्या मागें धांवतो, आणि जुगारी साधन टाकून पुढें निघून जातो.

महालक्ष्मीचें कुंपण

पावसावर पैज लावणाऱ्यास शिक्षा ठरली, परंतु घोड्यावर लावणाऱ्यास मात्र सोय झाली. मुंबईंतील शर्यती पूर्वीं भायखळ्यास होत. १८८३ सालापासून त्या महालक्ष्मीच्या मैदानावर होऊं लागल्या. जुगाराच्या व्याख्येंत पैज घातली गेली तेव्हां घोड्यांच्या शर्यतींसाठीं अपवाद ठेवण्यांत आला. शर्यतीच्या दिवशीं, परवानाधारकानें राखून ठेविलेल्या आवारांत लावलेली पैज हा जुगार नव्हे. १९१२ सालीं शर्यतींच्या मैदानांस परवाना देण्याचा मुंबईचा कायदा झाला, आणि १९२५ सालीं पैजांवर कर बसविणारा कायदा झाला.

हा अक्षरशः कौटिल्याचा मार्ग होय. एक जागा, एक परवानेदार, आणि राजाचा भाग. त्या आवाराबाहेर, गल्लींतील पानपट्टीवर तोच मनुष्य त्याच घोड्यावर तोच रुपया लावील, तर पोलीस त्याची मानगूट धरणार. घोडा एकच, रुपया एकच. पण कुंपणाच्या आंत ती करमणूक आणि बाहेर तो गुन्हा. त्या काळच्या टीकाकारांस ह्यांत साहेबलोकांचा आणि श्रीमंतांचा पक्षपात दिसे, आणि त्यांत तथ्य नव्हतें असें आम्हांस म्हणवत नाहीं. तथापि कुंपणाचा एक गुणही मान्य केला पाहिजे. कुंपणाच्या आंत खेळणारास यावयाचें तर दिवस ठरलेला, वेळ ठरलेली, फाटकावर तिकीट. रोज उठून, घरीं बसून, मध्यरात्रीं खेळण्याची सोय तेथें नव्हती. ही गोष्ट पुढें उपयोगीं पडणारी आहे.

१९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें मद्रासकडील एका प्रकरणांत शर्यत हा प्रामुख्यानें कौशल्याचा खेळ आहे, असा निर्णय दिला. तत्पूर्वीं १९६८ सालीं पत्त्यांतील रमीविषयींही असाच निर्णय झाला होता. कौशल्य आणि दैव ह्यांमधील ही रेषा फार बारीक आहे, आणि ती अलीकडे किती ताणली गेली तें पुढें येईलच.

कापसाचा आकडा आणि मडकें

पावसानंतर मुंबईच्या जुगाऱ्यांस सांपडला तो पुन्हां कापूसच. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारांतील उघडता भाव व बंद भाव तारेनें मुंबईस येई. त्या भावाच्या शेवटच्या आकड्यांवर लोक पैसा लावूं लागले. भाव न्यूयॉर्कचा, त्यावर मुंबईच्या कोणाचीही सत्ता नाहीं, म्हणून तो खरा, असा विश्वास! १९६१-६२ च्या सुमारास हे आकडे मिळेनासे झाले. तेव्हां चतुर लोकांनीं मडक्यांत चिठ्ठ्या घालून आकडा काढण्यास आरंभ केला. पुढें पत्त्यांच्या जोडांतून तीन पानें काढून त्यांच्या बेरजेचा एकम् स्थानचा अंक घेऊं लागले. मडकें गेलें, पण "मटका" हें नांव राहिलें. हा धंदा करणारे कांहीं लोक फार प्रसिद्धीस आले. त्यांचीं नांवें येथें देण्याचें कांहीं प्रयोजन नाहीं.

मटक्यानें जें केलें तें पावसाच्या सट्ट्यानें केलें नव्हतें. बरसातीचा सट्टा मुख्यतः व्यापाऱ्यांचा. मटका रुपया-आठ आण्यांचा. त्यामुळें तो लालबाग-परळच्या चाळींत, गिरणगांवच्या प्रत्येक नाक्यावर पोंचला. त्याचें गणित आम्हीं शाळामास्तराच्या रीतीनें मांडून पाहिलें आहे, तें असें. अंक शून्यापासून नऊपर्यंत, म्हणजे दहा. दहाजणांनीं दहा अंकांवर एकेक रुपया लावला, तर एकजण जिंकणार, आणि त्यास नऊ रुपये मिळणार. दहावा रुपया मटकेवाल्याचा. म्हणजे प्रत्येक खेळास शेंकडा दहा त्याच्या पेटींत गेले. दिवसांतून दोन वेळां आकडा निघे. आलेला पैसा पुनः पुनः लावीत गेल्यास बावीस खेळांत, म्हणजे अकरा दिवसांत, सरासरीनें रुपयाचे दहा पैसेही उरत नाहींत. एखादा जिंकतो हें खरें. पण मोहल्ला हरतो, हें त्याहून खरें.

आम्ही मुंबईच्या कामगार वस्तींतील एका शाळेंत नोकरीवर होतों, तेव्हां एका विद्यार्थ्याच्या वहीच्या मागील पानावर तीन-तीन अंक आणि त्यांच्या बेरजा लिहिलेल्या आम्हांस आढळल्या. बेरजा सर्व बरोबर होत्या, पण उदाहरणें आम्हीं दिलेलीं नव्हतीं. विचारतां कळलें कीं, वडिलांची चिठ्ठी नाक्यावर पोंचविण्याचें काम त्याच्याकडे होतें. लहान मुलास पोलीस हटकीत नाहींत म्हणून. त्याची आई पुढें महिनाभरानें फी भरावयास आली, तेव्हां तिनें आपण होऊन सांगितलें कीं, पगाराच्या दिवशीं ती आतां गिरणीच्या फाटकाशीं उभी राहते आणि पाकीट तेथेंच हातीं घेते. मालकांना रोजचे दोन रुपये विडीकाडीस देते. पोलिसांनीं तो नाका त्या वर्षीं तीन वेळां साफ केला होता आणि तीनही वेळां तो आठवड्यांत पुन्हां भरला होता. फाटकाशीं उभ्या राहिलेल्या त्या बाईनें जें केलें तें १८८७ च्या कायद्यांतील कोणत्याही कलमांत नाहीं.

१९८२ च्या संपानें गिरण्या मोडल्या, पगाराचें पाकीटच नाहींसें झालें. आणि पुढें पोलिसांच्या धाडींनीं मटक्याचें बळ पुष्कळ कमी झालें. तथापि तो समूळ गेला, असें कोणीही नाक्यावरचा मनुष्य म्हणणार नाहीं.

सरकारच सभिक

इकडे मनूचा मार्ग चालू असतां दुसरीकडे सरकारनें कुंपणाचा मार्गही सोडला नव्हता. शब्दकोड्यांच्या बक्षिसांचें वेड वाढलें, तेव्हां १९४८ सालीं मुंबई सरकारनें सोडती व बक्षीसस्पर्धा ह्यांवर नियंत्रण व कर बसविणारा कायदा केला. तो बंगळुरांत छापल्या जाणाऱ्या आणि मुंबईंत खपणाऱ्या स्पर्धांसही लागू केल्यामुळें वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला. १९५७ सालीं न्यायालयानें ठरविलें कीं, जुगार हा व्यापारच नव्हे. सबब व्यापाराच्या घटनादत्त स्वातंत्र्याचा आश्रय त्यास मिळणार नाहीं. त्या निकालांत ऋग्वेद, महाभारत व याज्ञवल्क्य ह्यांचे दाखले आहेत, हें संस्कृतज्ञांस वाचून आनंद होईल. त्याआधींच १९५५ च्या मध्यवर्ती कायद्यानें महिन्यास एक हजार रुपयांहून अधिक बक्षीस देणाऱ्या स्पर्धांस बंदी केली होती.

परंतु बारा वर्षेंही गेलीं नसतील, तोंच १९६९ सालीं महाराष्ट्र सरकारनें स्वतःची सोडत सुरू केली. चिठ्ठी नाक्यावर मटकेवाल्यानें फाडली तर गुन्हा, आणि शेजारच्या दुकानीं सरकारनें छापली तर महसूल! सरकारी सोडतींत लबाडी नाहीं आणि नफा लोककार्यास जातो, हा भेद आम्हांस मान्य आहे. पण तिकीट घेणाऱ्याच्या मनांतील आशा दोन्हीं ठिकाणीं एकाच जातीची असते, हेंही मान्य केलें पाहिजे.

१९७६ सालीं तर महाराष्ट्रांत द्यूतगृहांस परवाने देऊन कर घेण्याचा कायदाही संमत झाला होता. सत्तेचाळीस वर्षें तो पुस्तकांत पडून राहिला, अंमलांत कधीं आलाच नाहीं, आणि २०२३ सालीं रद्द झाला. शेजारच्या गोव्यानें मात्र दुसरी वाट धरली. पणजीस मांडवीच्या पात्रांत उभ्या असलेल्या द्यूतनौका रात्रीं दिव्यांनीं झगमगतात. महाराष्ट्रानें परवाना देऊन न वापरणें आणि गोव्यानें तो वापरणें, ह्यांत मनु आणि कौटिल्य ह्यांचा जुनाच वाद आम्हांस दिसतो.

आणि राजाचा भाग? कौटिल्यानें जिंकलेल्या पैशांवर शेंकडा पांच सांगितले. २०२३ च्या ऑक्टोबरपासून जाळ्यावरील पैशाच्या खेळांत लावलेल्या पूर्ण रकमेवर शेंकडा अठ्ठावीस कर बसला. २०२५ च्या सप्टेंबरांत सोडती, शर्यती व द्यूतगृहें ह्यांवरील कर शेंकडा चाळीस झाला. इतका कर ज्यावर बसवितां येतो तो धंदा केवढा असेल, ह्याची कल्पना वाचकांनींच करावी.

उंबरठ्याच्या आंत

आतां वर म्हटलेल्या कुंपणाच्या गुणाकडे वळूं. १८८७ चा कायदा मुख्यतः जुगाराच्या अड्ड्यावर आणि रस्त्यावर रोख धरून आहे. दिवाळींत घरच्या मंडळींनीं सोंगट्यांचा डाव मांडला, किंवा बलिप्रतिपदेस, जीस द्यूतप्रतिपदा असेंही नांव आहे, चार कवड्या खेळल्या, तर तेथें कायदा डोकावत नाहीं. कारण तेथें कोणी अड्डेवाला फायदा काढीत नसतो. घराचा उंबरठा ही कायद्यानें मानलेली सीमा होती, आणि अड्डा उंबरठ्याच्या बाहेर होता. जुगाऱ्यास घर सोडून कोठेंतरी जावें लागे. जाण्यायेण्यास वेळ लागे, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरा असत, उशिरा येण्याचें कारण सांगावें लागे. लोकलज्जा हें पोलिसाहून मोठें कुंपण होतें.

मोबाईलनें हें कुंपण मोडलें. अड्डा उंबरठा ओलांडून आंत आला, आणि तो कोणास दिसतही नाहीं. रमी आणि क्रिकेटचे संघ ह्यांच्या नांवानें पैसे लावण्याचे खेळ चालले, आणि हे कौशल्याचे खेळ आहेत म्हणून न्यायालयांच्या जुन्या निर्णयांचा आश्रय त्यांनीं घेतला. शेवटीं ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें कायदा करून, कौशल्य असो कीं दैव असो, जाळ्यावर पैसे लावून खेळावयाच्या सर्व खेळांस, त्यांच्या जाहिरातींस व त्यांच्या पैशाच्या देवघेवीस मनाई केली. म्हणजे हें राष्ट्र पुन्हां मनूकडे वळलें. ह्यांत आम्हांस समाधानच आहे. परंतु पाऊस गेला तेव्हां कापूस आला, कापूस गेला तेव्हां मडकें आलें. हा क्रम ज्यानें पाहिला, तो केवळ एका कायद्यावर निर्धास्त झोंपणार नाहीं.

एकत्र कुटुंबाच्या वाचकांस येथें एक शास्त्रार्थ सांगणें अवश्य वाटतें. बापाचें ऋण मुलानें फेडावें, हा आपल्याकडील धर्म. पण मद्य आणि द्यूत ह्यांपायीं बापानें केलेलें ऋण मुलानें फेडूं नये, असें मनु व याज्ञवल्क्य दोघेही सांगतात. इंग्रजी अमदानींतील न्यायालयांनींही हा नियम मानला होता. २००५ सालीं हिंदु वारसा कायद्यांत जी दुरुस्ती झाली, तिनें तर त्यानंतरच्या कर्जांपुरती ही धर्मऋणाची जबाबदारीच काढून टाकली. म्हणजे ज्या शास्त्रांवर कर्मठपणाचा आरोप होतो, त्यांनीं जुगाऱ्याच्या मुलाचें रक्षण दोन हजार वर्षांपूर्वींच केलें होतें. परंतु ह्या रक्षणाचीही मर्यादा ओळखावी. पूर्वीं कर्ता पुरुष कर्ज काढी, तें वाड्याच्या गहाणखतावर. चारचौघांच्या साक्षी लागत, आणि घरांत कळे. आज वीस-बावीस वर्षांचा मुलगा स्वतःच्या नांवावर, घरांतील कोणासही न कळतां, मोबाईलवर कर्ज काढूं शकतो. तें कर्ज त्याचें स्वतःचेंच. त्यास सोडविणारें वचन कोणत्याही स्मृतींत नाहीं.

सर्वांत जुना साक्षीदार काय सांगतो तेंही पहावें. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील अक्षसूक्तांत करापेक्षां आणि दंडापेक्षां घराचीच कथा अधिक आहे. पत्नी दूर होते, सासू द्वेष करते, आईबाप आणि भाऊ त्यास ओळख देत नाहींत. आणि शेवटीं उपदेश येतो तो फासे टाकून शेतीकडे वळण्याचा. त्या कवीस ठाऊक होतें कीं, जुगाराचा पहिला हिशेब राजाच्या तिजोरींत लागत नाहीं; तो घरांत लागतो.

म्हणून आमचें म्हणणें इतकेंच आहे. सरकारनें मनूचा मार्ग धरावा कीं कौटिल्याचा, हा वाद पुढेंही चालेल, आणि चालावा. पण दोघांसही जें करतां आलें नाहीं, तें काम घराचें आहे, आणि त्याची रीत मुळींच गूढ नाहीं. ज्या घरांत महिन्याअखेर जमाखर्चाची वही सर्वांसमोर उघडली जाते, जेथें थोरल्यांचाही खर्च तींत लिहिला जातो, आणि जेथें मुलानें "माझे दोनशें रुपये गेले" असें सांगितलें असतां त्याच्यावर कोणी तुटून पडत नाहीं, त्या घरांत दोनशांचे दोन लाख होण्यापूर्वींच गोष्ट उघड होते. जुगार वाढतो तो लपवालपवीनें. हरलेली रक्कम लपवितां येईनाशी झाली, कीं ती परत मिळविण्याच्या नादानें पुढचा डाव लावण्याची गरजही बव्हंशीं नाहींशी होते. एखाद्यास ह्या व्यसनानें फारच पछाडलें असेल, तर त्यास वैद्याकडे नेण्यांतही लाज बाळगूं नये. वैद्यकशास्त्रानें आतां हा रोग म्हणून मानला आहे.

वही न ठेवणारीं घरें आम्हीं पुष्कळ पाहिलीं. तीं सर्वच बुडालीं असें नाहीं. परंतु जीं बुडालीं, त्यांतील बहुतेकांत शेवटपर्यंत कोणासही रक्कम ठाऊक नव्हती.